शेवटच्या ओळीपासून वर

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. तीस सेंटिमीटरची. माझे पहिले तीन आकडे पुसले गेले होते आणि एका टोकाला दातांच्या खुणा आहेत. ते दात कोणाचे, हे मी सांगणार नाही. तो आता बेलापूरला सरकारी ऑफिसात साहेब आहे.

मित्रांनो, मी एका कारखान्यात तयार झाले आणि नेरूळ स्टेशनजवळच्या दुकानात आले. तिथून सुनयनाबाईंनी मला घेतलं. त्या कामोठ्याला राहत्या घरी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायच्या. मला वाटलं, आता आपण मुलांच्या हातावर बसणार. पण बाईंनी मला वेगळंच काम दिलं.

उत्तर लिहून झालं की मला शेवटच्या ओळीखाली ठेवायचं. एकेका शब्दावर बोट ठेवून ती ओळ वाचायची. मग मला एक ओळ वर सरकवायचं. असं खालून वर यायचं. "वरून वाचलं की तुम्ही मजकुरात रमता, चूक दिसत नाही," असं बाई सांगायच्या. प्रत्येकाची चूक ठरलेली असते, हेही त्यांना माहीत होतं. कुणी मोठं अक्षर विसरायचं, कुणी पूर्णविराम. तेजश्री नावाची मुलगी लहान लहान शब्द गाळायची. बाई तिला म्हणायच्या, "तेजू, तुझं डोकं रिक्षानं जातं गं, आणि हात मागून चालत येतो." सगळी मुलं हसायची. तीही हसायची.

जानेवारीत बाई आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या. मुलं दुसऱ्या क्लासला गेली. बाईंचे यजमान कृष्णातकाका मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर गोण्या उतरवल्या. त्यांनी मला आणि बाईंच्या चष्म्याला टेबलाच्या खणात ठेवलं. तो खण चार महिने कोणी उघडला नाही.

मे महिन्यात बेल वाजली. तेजश्री होती. ती इंग्रजीत नापास झाली होती.

"काका, बाईंची पट्टी द्याल? पुरवणी परीक्षा आहे. आई म्हणते, आता राहिलीस तर शाळा बास."

"पट्टी ने की. पन मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, पोरी."

"तुम्ही नुसते शेजारी बसा. एकटी तपासायला बसले की मी पटापट संपवून टाकते."

काकांनी खण उघडला. तेजश्रीनं लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या ओळीखाली मला ठेवलं. ती मोठ्यानं वाचू लागली. काका शब्दामागून शब्दावर बोट ठेवत गेले. तिसऱ्या ओळीला ते थांबले.

"ए, थांब. तोंडानं सहा म्हनलीस. हितं पाचच हायेत."

तेजश्रीनं वाकून पाहिलं. एक शब्द खरंच लिहायचा राहिला होता.

"काका! तुम्हाला कसं कळलं?"

"गोन उतरवताना आमी आवाज द्यायचो. एक आवाज, एक गोन. आवाज जास्ती झाला, की समजायचं, गोन गाडीतच राहिली." मग ते हळूच म्हणाले, "तुझं डोकं अजून रिक्षानंच चाललंय."

आतल्या खोलीत बसून काकांनी बाईंचं ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल! मग काकांनी मला एक ओळ वर सरकवलं.

महिनाभर हेच चाललं. परीक्षेच्या दिवशी काकांनी मला रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "हरवू नको. तिची हाय ती," एवढंच म्हणाले.

शेवटची पंधरा मिनिटं उरली. बाकीची मुलं अजून लिहीत होती. तेजश्रीनं पेन खाली ठेवलं आणि मला शेवटच्या ओळीखाली टेकवलं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोट एकदा अडलं. तिनं गाळलेला शब्द वर लिहिला. असं चार वेळा झालं. पहिल्याच वेळी माझा जीव भांड्यात पडला.

निकालाच्या दिवशी ती चपला न काढताच आत आली. "सुटले, काका!"

काका खुर्चीत बसले. त्यांनी लांब श्वास सोडला. "मला काय सांगतीस? तिला सांग." तेजश्रीनं मला बाईंच्या फोटोपुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्यानंतर मी खणात गेले नाही. आता संध्याकाळी दोन मुलं काकांकडे वाचायला येतात. काकांनी माझे पुसलेले आकडे पेनानं परत काढले आहेत. दोन जरा वाकडा आला आहे. असू दे.

मित्रांनो, पट्टी जुनी झाली म्हणून खणात टाकू नका. पेपरातली शेवटची काही मिनिटं राखून ठेवा आणि खालून वर या. आणि घरातलं कोणी तुमच्याजवळ बसायला आलं, तर त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून उठवू नका. त्यांचं बोट तुमच्या ओळीवर असू द्या.