नवरीच्या मुकुटाचं झाड

हिलेवीच्या बैठकीतल्या खिडकीचा कट्टा हाताला चिकट लागला, तेव्हा तुवाला वाटलं, आजीच्या हातून सरबत सांडलं असेल. ईस्टरच्या सुटीत ती गॉथेनबर्गहून आली होती आणि कोटही न काढता मर्टलच्या, बारीक सुवासिक पानांच्या त्या सदाहरित झुडपाच्या, कुंडीपाशी जाऊन उभी राहिली होती. जूनमध्ये तिचं लग्न होतं. या झाडाच्या डहाळ्यांचा मुकुट डोक्यावर ठेवून ती चर्चमध्ये शिरणार होती. त्या घरातल्या सगळ्या नवऱ्या याच मर्टलच्या मुकुटानं नटल्या होत्या, तुवाची आईसुद्धा. आई गेली तेव्हा तुवा शाळेतही जात नव्हती. लग्नातला एक फोटो आणि हे झाड, एवढीच आई तिच्या वाट्याला आली होती.

हिलेवीनं कट्ट्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. गोड लागलं.

"सरबत नाही गं हे," ती म्हणाली. "कुणीतरी इथे जेवायला बसलंय."

तिचा दिवस रोज एकाच रीतीनं सुरू होई. आधी एक स्तोत्र, मग झाडांना पाणी, मग कॉफी. स्तोत्राआधी कॉफीचा घोट घ्यायचा नाही, हा नेम तिनं तापातही मोडला नव्हता. बारीक अक्षरांसाठीचं भिंग खिडकीपाशीच असे. ते घेऊन ती वाकली. खोडावर, फांद्यांच्या बेचक्यांत, पानांच्या मधल्या शिरेवर तपकिरी फुगवटे बसले होते. तुवाला त्या गाठी वाटल्या. इतकं जुनं झाड, गाठी असायच्याच. हिलेवीनं एक फुगवटा नखानं हलकेच उचलला. गाठ झाडाची असती तर तिच्याबरोबर साल सोलून आली असती. हा फुगवटा माशाच्या खवल्यासारखा अलगद निघाला, खालची साल जागच्या जागी राहिली, आणि त्याच्या पोटात फिकट पिठासारखी अंडी दिसली.

खवलेकीड होती ती. त्या कवचाच्या टोपीखाली बसून झाडाचा रस प्यायचा आणि नको असलेलं गोड पाणी खालच्या पानांवर सोडायचं, हा तिचा उद्योग. खालची पानं काळवंडली होती, ती त्या गोडावर चढलेल्या बुरशीनं. तुवा म्हणाली, दुकानातून एखादं जालीम औषध आणते. हिलेवीनं मान हलवली. टोपीखाली फवारा सहज पोचत नाही, आणि जे केसांवर बसायचं त्यावर विष कशाला?

चूक कुठे झाली ते तिला कळून चुकलं होतं. एरवी मर्टलचा हिवाळा काचेच्या गार ओसरीत जायचा. यंदा नवरीचं झाड म्हणून तिनं ते उबदार बैठकीत, हीटरच्या वरच्या खिडकीत आणून ठेवलं. गावात कुणीही हेच केलं असतं. लग्नाच्या वर्षी नवरीपेक्षा मर्टलचे लाड जास्त. उबेत झाडाला विसावा मिळाला नाही, किडीला मात्र सुगी आली. त्याच्याशेजारी चर्चच्या सभागृहातून नाताळात आणलेली आयव्हीची वेल होती. तिची पानं उलटून पाहिली, तर सगळा गोतावळा तिथूनच आलेला.

आयव्ही पिशवीत बांधून सरळ कचऱ्यात गेली. इतर कुंड्या मर्टलपासून दूर, दुसऱ्या खोलीत गेल्या. मर्टल गार ओसरीत परतलं. मातीवर प्लास्टिक बांधून हिलेवीनं मऊ साबणाच्या पाण्यात थोडं स्पिरिट मिसळलं, आधी एकाच डहाळीवर लावून पान करपत नाही ना ते पाहिलं, आणि मग कापूस गुंडाळलेल्या काडीनं एकेक खवला पुसायला बसली. घाई नाही, त्रागा नाही. एकदा पुसून भागणार नव्हतं. टोपीखालची अंडी फुटली की मोहरीहून बारीक पिल्लं चालत सुटतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा साबण, पुन्हा भिंग.

शेजारची रागन्हिल्ड एकदा डोकावून गेली. म्हणाली, तिची आई सांगायची, असं चिकट थेंब गाळत रडणारं मर्टल नवरीच्या डोक्यावर ठेवू नये.

"रडत नव्हतं ते," हिलेवी शांतपणे म्हणाली. "त्याचं रक्त पीत होते कुणी. चेटूक नाही, किडे आहेत, आणि ते कसे काढायचे ते मला येतं."

मे उजाडला तसं झाड तजेलदार दिसू लागलं. पण आतल्या दाट फांद्यांत भिंगाखाली अजून एखादं पिल्लू सरकताना दिसे. आणि नेमक्या त्याच फांद्या लांब, लवचीक, मुकुटासाठी राखलेल्या. धुऊन पुसून मुकुट झाला असता. कुणाला दिसलंही नसतं. पण लग्नानंतर मुकुटातली डहाळी नवरीच्या नव्या घरी रुजवायची रीत होती. तिच्या बेचक्यात एक जरी पिल्लू दडलेलं असलं, तर तुवाच्या संसारात पहिला पाहुणा तोच. एका सकाळी स्तोत्र संपलं आणि हिलेवीनं कात्री उचलली. सगळ्याच फांद्या तिनं पार बुंध्याशी छाटल्या. मागे राहिले ते चार खुंट.

मग तिनं तुवाला फोन करून सांगितलं. तुवा म्हणाली, "मग आईचं असं काय राहिलं, आजी?"

"मुकुट मर्टलचाच होईल, आणि आपल्याच," हिलेवी म्हणाली. "कुठून आणायचा ते माझ्यावर सोड."

तिनं अंगावरचे सगळे कपडे बदलले, हात कोपरापर्यंत धुतले आणि रागन्हिल्डच्या दारात जाऊन उभी राहिली. रागन्हिल्ड तुवाच्या आईची धर्ममाता होती. तुवाच्या आईच्या लग्नात मुकुट उतरवताना एक डहाळी तिनं मागून घेतली होती आणि घरी रुजवली होती. तिचं मर्टल जिन्याखालच्या थंड खिडकीत, बटाट्यांच्या पोत्याशेजारी उभं होतं, आणि हिलेवी वर्षानुवर्षं त्यावरून तिला हसत आली होती.

उंबऱ्याबाहेरूनच हिलेवीनं भिंग पुढे केलं. रागन्हिल्ड भडकली.

"माझ्या घरात उवा शोधायला आलीस?"

"मी नाही शोधणार. मी त्याला हातही लावणार नाही, माझ्याकडून काही लागायला नको. तूच बघ. पानांची खालची बाजू आणि बेचके. फुगवटा दिसला तर नखानं उचल."

रागन्हिल्ड कुरकुरत आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"काही नाही. एकसुद्धा नाही." मग थांबून म्हणाली, "पण हे बटाट्यांशेजारचं. तुझ्या नातीला चालेल?"

"तुझंच बरोबर होतं, रागन्हिल्ड. झाडाला गारवा हवा होता, मी त्याला शाल पांघरली." हिलेवी हसली. "हे झाड तिच्या आईच्या मुकुटातल्या डहाळीचं आहे. मुकुटाला तेच हवं."

रागन्हिल्डनं नाक ओढलं आणि कात्री आणायला गेली. कुठली फांदी कापायची ते दोघी दारातूनच भांडून ठरवत राहिल्या.

जूनच्या त्या शनिवारी तुवा चर्चमध्ये शिरली. मुकुट बारीकसाच होता, गर्द हिरवा, मधूनमधून कळ्या असलेला. केस सावरताना तिची बोटं पानांना लागली की मर्टलचा वास येई. पहिल्या बाकावर रागन्हिल्ड उगाचच घसा खाकरत होती.

जेवणं आटपल्यावर मुकुट उतरवला गेला. तुवानं पहिली डहाळी आजीपुढे धरली, तिच्या घरी पुन्हा रुजवायला. हिलेवीनं दोन्ही हात मागे घेतले. तिच्या ओसरीतल्या खुंटांना पोपटी धुमारे फुटले होते, पण त्यांची परीक्षा अजून संपली नव्हती.

"माझ्याकडे नको, बाळ. तू ने. वर्षभर माझ्या झाडावर एकही खवला दिसला नाही, तर मी स्वतः येऊन तुझ्याकडून मागून घेईन."

तुवानं वाद घातला नाही. डहाळी उजेडाकडे धरून तिनं पान न् पान उलटून पाहिलं, बेचक्यांवरून नख फिरवलं, आणि मग पाण्याच्या पेल्यात उभी केली.