एकाच खेपेचं ओझं

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, 'जुना' म्हणताना माझी मलाच कीव येते, कारण कारखान्यातून बाहेर पडून मला दीड वर्षही झालेलं नाही. पण ज्याच्या कुशीला तळहाताएवढं भोक पडलंय, त्याला नवा कोण म्हणेल? सध्या मी मॉन्ट्रियलमधल्या एका गॅरेजच्या मागे टाकाऊ टायरांच्या थप्पीत पडून आहे. पाऊस आला की पोटात पाणी साचतं आणि त्यात डास होतात. तक्रार करण्याचंही त्राण उरलेलं नाही, तरी तुम्ही ऐकत असाल तर सांगतो.

रबर, काजळी आणि तारा साच्यात भाजून मला घडवलं. माझ्यासारख्याच तिघांबरोबर मला एका छोट्या, लिंबाच्या रंगाच्या, कोऱ्या गाडीला बसवलं. ती गाडी घेतली ओडीलने. ओडील एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दिवसभर मोठमोठी पातेली उचलून तिचे खांदे भरून येत, पण संध्याकाळी गाडीत बसली की ती गुणगुणायची. तिची ही पहिलीच नवी गाडी. सुरुवातीला तर ती माझ्यावरचा चिखलसुद्धा फडक्याने पुसायची. आयुष्यात माझे लाड झाले ते तेवढेच.

चालकाच्या दाराच्या आत, कडेला, एक चिठ्ठी चिकटवलेली होती. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल आणि माझ्यात हवा किती हवी, ते तिच्यावर छापलेलं होतं. ती वाचायची तर दार उघडं ठेवून वाकायला हवं. आमच्याकडच्या थंडीत दार उघडं ठेवून कोण वाकतंय? उन्हाळ्यात वाकलं असतं, तर तेव्हा आठवण कुणाला!

हिवाळ्यात बर्फावर चालायचे खास टायर चढले आणि मी तळघरात गेलो. वसंतात परत चाकावर आलो, तेव्हा बर्फ वितळून रस्त्यांची चाळण झाली होती. अशाच एका खड्ड्यात मी धाडकन आदळलो आणि माझ्या आतल्या कुशीला अंड्याएवढा फुगवटा आला. हवाही हळूहळू झिरपू लागली. टायरात हवा कमी असल्याचा इशारा देणारा पिवळा दिवा गाडीत लागला. ओडीलने कामावरच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, नव्या गाड्या रडक्याच असतात. जरा काही झालं की यांचे दिवे पेटले. लक्ष नको देऊस." ओडीलने त्या दिव्यावर एक फुलाचा स्टिकर चिकटवून टाकला. माझं दुखणं त्या फुलाखाली झाकलं गेलं.

आता रोझेरविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. रोझेर म्हणजे ओडीलचा बाप. बायको गेल्यापासून तो तिसऱ्या मजल्यावर एकटा राहत होता. जिना बाहेरून, लोखंडी, गोल वळणाचा. गेल्या हिवाळ्यात तो त्या जिन्यावरच्या बर्फावरून घसरला आणि पोस्टमन येईपर्यंत तसाच पडून राहिला. तेव्हापासून तो काठी घेऊन चालायचा आणि ओडील त्याच्या मागे लागली होती. तिच्या घराखालचा तळमजला रिकामा होणार होता. "तिथे राहायला या, बाबा," एवढंच तिचं म्हणणं. हा गडी ऐकेल तर शपथ.

शेवटी तो एका अटीवर तयार झाला.

"सगळं एका खेपेत नेणार असशील तर येतो," तो म्हणाला. "मला मागे ठेवून दुसऱ्या खेपेच्या गोष्टी करू लागलीस, तर मी आपला वर जाऊन दार लावून बसेन. ओळखतेस ना मला?"

"चांगलीच ओळखते. म्हणून तर ट्रक शोधतेय. पण एक जुलैला ट्रक कुठे मिळतो?"

मिळणार कसा? त्या दिवशी इथे सगळ्यांचे घरभाड्याचे करार संपतात आणि अर्धं शहर बिछाने डोक्यावर घेऊन या घरातून त्या घरात जातं.

"ट्रक कशाला हवा?" रोझेर हसला. "भरणारा मी आहे."

मित्रांनो, हीच ती चूक. रोझेरने जन्मभर लोकांची घरं हलवली होती. पियानो पाठीवर घेऊन तो असे जिने उतरला होता. कुठल्या कोपऱ्यात काय बसेल, हे त्याला नजरेनेच कळे. पण त्याचा हिशोब ट्रकचा. ट्रकमध्ये जागा संपते, ताकद संपत नाही. माझ्यासारख्याचं उलट असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"जागा आहे ना? मग मावतं," असं म्हणत, ओडील खाली आणून देईल ती एकेक वस्तू तो आत बसवू लागला. बायकोचं बिडाचं शिलाई मशीन आलं. तिने घातलेल्या आंबटगोड लोणच्याच्या बरण्या आल्या, तिच्या माघारी त्यातली एकही त्याने उघडली नव्हती. रेकॉर्डचे खोके आले, लोखंडी तवे आले. जी गाडी त्याने केव्हाच विकून टाकली होती, तिचे बर्फाचे चार टायरसुद्धा आले. आरामखुर्ची टपावर बांधली. मग तो स्वतः पुढे बसला आणि दार लावून घेतलं. माझा श्वास कोंडला. माझी कूस रस्त्याला टेकायला आली होती. मला ओरडायचं होतं, पण टायराला तोंड कुठलं?

"गाडी मागून बसल्यासारखी वाटतेय, बाबा."

"नवी आहे. सवय होईल तिला."

ऊन रणरणत होतं. रस्ता तापलेला, मी आतून तापलेला. तरी मी बराच तग धरला, हे मला आज सांगू द्या, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पण अर्ध्या वाटेत डांबराच्या एका ठिगळावर चाक आपटलं आणि माझा फुगवटा फुटला. गाडी भेलकांडली. ओडीलने दोन्ही हातांनी कशीबशी सावरून ती कडेला घेतली. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब.

स्टेपनी होती डिकीच्या तळाशी, सगळ्या सामानाच्या खाली. मग काय, सगळं बाहेर! फुटपाथवर रोझेरचा संसार मांडला गेला. आणि एक जुलैला आमच्याकडे फुटपाथवर जे दिसेल ते टाकलेलं समजतात. ज्याला हवं त्याने उचलावं, विचारायचीही गरज नाही. ओडील जॅक लावून घाम गाळत होती, तेवढ्यात दोन तरुण आले आणि दिवाणखान्यातला दिवा घेऊन कोपऱ्यावरून पसारही झाले. एका मुलीने शिलाई मशीनला हात घातला.

"आजोबा, चालतं का हो हे?"

"ठेव खाली! माझं आहे ते!"

"अय्या! रस्त्यावर होतं म्हणून..."

रोझेरने चर्चमधल्या तीन पवित्र वस्तूंची नावं एका दमात घेतली. इथे शिव्या अशाच देतात. मुलगी बिचारी ओशाळून बाजूला उभी राहिली.

मला काढून ओडीलने ती बारकी स्टेपनी लावली. तिला किती वजन पेलेल, ते तिच्यावरही लिहिलेलं होतं. ते पाहून ओडीलला काय वाटलं कोण जाणे, तिने चालकाचं दार उघडलं, वाकली आणि ती चिठ्ठी पहिल्यांदा वाचली. वाचून झाल्यावरही ती तशीच वाकून राहिली.

"बाबा, एवढं परत भरता येणार नाही. दोन खेपा कराव्या लागतील."

"शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग मी चाललो घरी." रोझेरने काठी उचलली आणि खरंच मागे चालू लागला.

ओडील त्याच्या मागे धावली नाही. ती माझ्या शेजारी फुटपाथच्या कडेवर मटकन बसली. तिच्या हातांना माझीच काजळी लागली होती.

"जा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण रोझेर थबकला. "जा तुम्ही. परत पडलात तर पोस्टमन दर वेळी येईलच असं नाही. पण आता माझ्याच्याने ओढवत नाही, बाबा. खूप महिने ओढलं. मी दमले."

मित्रांनो, ते ऐकून मला रडू आलं असतं. माझ्याच मनातलं कुणीतरी बोलत होतं.

रोझेर तिथेच उभा राहिला. आपल्या पसाऱ्याकडे पाहू लागला. जन्मभर त्याने इतरांचे असे पसारे पाहिले होते आणि 'कशाला हवंय एवढं लोकांना' म्हणून नाक मुरडलं होतं. मग काठी टेकत परत आला आणि त्या मुलीला म्हणाला, "ने ते मशीन. तेल घालत जा. माझी बायको घालायची."

मुलगी गेली. तो ओडीलपाशी येऊन अवघडून खाली वाकला.

"यात सगळ्यात जड काय आहे, सांगू? मी. मला बसवलंस तर यातलं बरंचसं इथेच राहणार. हे सगळं नेलंस तर मी राहणार. ठरव तू."

ओडीलने वर पाहिलं. डोळे पुसायला गेली आणि गालाला काजळी लागली.

"मी तुम्हालाच न्यायला आले होते, बाबा. बाकीचं तुम्ही भरलंत."

रोझेरने पसाऱ्यातून लोणच्याची एक बरणी उचलली. ती मांडीवर घेऊन तो पुढे जाऊन बसला. आणखी दोन खोके घेतले, मला घेतलं आणि गाडी संथपणे निघाली. दुसऱ्या दिवशी मी या गॅरेजमागे आलो. ते तळमजल्यावर सुखाने राहतात की रोज भांडतात, मला ठाऊक नाही. बहुधा दोन्ही.

मित्रांनो, गाडीत सामान भरण्याआधी दाराच्या कडेची चिठ्ठी एकदा वाचा. आमच्यातली हवा बघा. पिवळा दिवा लागला तर त्याला झाकू नका. आणि तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखा निमूटपणे भार वाहत असेल, तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे की मला तोंड नव्हतं, म्हणून मला फुटावं लागलं. तुम्हाला आहे. झेपत नसेल तर वेळेवर सांगा.