खालच्या मजल्यावरचा ठोका

इलेक्ट्रॉनिक ड्रमचा आवाज होत नाही असं ज्याला वाटतं, त्याने एकदा खालच्या मजल्यावर राहून बघावं. वाजवणारा कानाला हेडफोन लावून खुशीत असतो, घरच्यांना नुसती रबरावर काठ्या पडल्याची टपटप ऐकू येते. खालच्या माणसाच्या डोक्यावर मात्र पायाखालच्या पेडलचा एकेक ठोका पडतो. हे ज्ञान मला तितिरमुळे झालं.

तितिर आमच्या बाघाजतीन वस्तीतलीच पोरगी. अंगाने काडी, पण वाजवायला बसली की समोरच्याने गप्प बसावं. माझा इथे एका गॅरेजात छोटासा स्टुडिओ आहे आणि सगळी पोरं मला खोकनदा म्हणतात. खोकन म्हणजे बाळ, दा म्हणजे दादा. माझे केस जाऊन जमाना झाला, पण बंगाली माणसाचं घरातलं नाव त्याच्याबरोबर थेट चितेपर्यंत जातं, त्याला इलाज नाही.

यंदा पाड्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, दुर्गापूजेसाठी गाणं करायचं होतं. गाणं माझ्याकडे, ड्रम तितिरकडे. मंडपाच्या फलकावर कलाकारांमध्ये तिचं नाव लागणार होतं, पहिल्यांदाच. तिने घरी बसून ड्रम वाजवला, फाइल मला पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यावरून घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर झालं. मी म्हटलं, असू दे, वाजवणं तर झालंय. मग मी फाइल उघडली.

आता हा ड्रम आवाज साठवत नाही. कुठल्या चकतीवर, कधी आणि किती जोरात ठोका पडला, एवढंच टिपून ठेवतो. जोर आकड्यात असतो. लहान आकडा म्हणजे मांजराचं पाऊल, मोठा आकडा म्हणजे भीमाची गदा. तितिरच्या फाइलमध्ये पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एकच आकडा होता. ऐकायला बसलं तर कुणीतरी भिंतीत खिळे ठोकतंय असं वाटायचं.

"तितिर, हे काय करून ठेवलंस?"

"खालच्या मजल्यावरचे मेशोमशाय ओरडतात म्हणून मी हळू वाजवत होते. हळू वाजवलं की हेडफोनमध्ये काही ऐकूच येईना. मग ते एक बटण असतं ना, सगळे ठोके सारखे करायचं..."

"ते दाबलंस."

"दाबलं. आणि विसरले."

पूजा समितीचा बिल्टू फोनवर म्हणाला, "खोकनदा, रविवारपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर कॉम्प्युटरमधला तयार ड्रम लावून मोकळे व्हा. गर्दीत कोण ऐकतंय?" मग फलकावरून तितिरचं नाव निघणार, हे ओघाने आलंच.

तितिरच्या आईने तोवर माशाच्या बाजारापासून शिवणाच्या क्लासपर्यंत सगळीकडे सांगून ठेवलं होतं, पोरीचं नाव फलकावर लागणार म्हणून. मी इरेला पेटलो. कॉम्प्युटरमध्ये ठोके आपोआप कमीजास्त करायची सोय असते, ती आधी लावून पाहिली. ड्रमवाला ताडी पिऊन आल्यासारखा वाजवायला लागला. मग ते सगळं पुसलं आणि एकेका ठोक्याचा आकडा हाताने बसवायला घेतला. इतकी वर्षं हेच केलंय, मला कळतं कुठे वजन हवं ते. काम संपलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो.

तितिरने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "छान झालंय," ती म्हणाली.

"मग तोंड असं का?"

"हे तुम्ही आहात, खोकनदा. दुसऱ्या कडव्यात तुम्ही जोर वाढवलाय. मी तिथे काढून घेते."

"किती काढून घेतेस? सांग, तसं करतो."

"ते सांगता आलं असतं तर वाजवलं कशाला असतं?"

मला संताप आला, कारण ती बरोबर बोलत होती. ती उठली आणि चपला घालता घालता म्हणाली, "बिल्टूदांना तयार ड्रम लावायला सांगा. जे मी वाजवलं नाही, त्याला माझं नाव नको." मग दारात थांबून फिसकन हसली. "गंमत बघा. माझं खरं वाजवणं आता फक्त मेशोमशायांकडे आहे. दुपारी माझं सुरू झालं की ते खालून फोनवर रेकॉर्ड करतात. इमारतीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवलंसुद्धा, पुरावा म्हणून."

मी चहाचा कप खाली ठेवला. "चपला काढू नकोस," म्हटलं, "तसेच जाऊ."

हे मेशोमशाय, म्हणजे काका, शक्तिपद घोषाल, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. दुपारचा भात आणि माशाचा रस्सा झाला की वामकुक्षी, हा त्यांचा धर्म. लुंगी-गंजीफ्रॉकवर त्यांनी दार उघडलं आणि तितिरला बघून परत लावायला घेतलं.

"मेशोमशाय, तुमची रेकॉर्डिंग्ज हवी होती," मी म्हणालो.

"पुरावा नष्ट करायला आलात?"

"वापरायला आलोय."

सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या बायकोने, मासीमांनी, आतून मुरी म्हणजे चुरमुरे आणि वांग्याच्या कापांची गरम बेगुनी आणून ठेवली. घोषालबाबू तितिरकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे ही बाई हळू वाजवत होती? ते हळू होतं?"

"माझ्या मानाने हळू," तितिर पुटपुटली.

"अहो, द्या ना," मासीमा म्हणाल्या. "नाहीतरी तेच तेच ऐकत बसता आणि चिडता."

"देतो. पण फोन माझ्या हातातून सुटणार नाही. आणि तक्रार मागे घेणार नाही. दुपारी दोन ते चार ड्रम बंद."

"बंद," तितिर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री घेऊन, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्टुडिओत हजर झाले. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर होती, मासीमांचं "झोपा हो आता" होतं, घोषालबाबूंचं "ऐका, ऐका, माणसाने जगावं कसं" होतं. आणि त्या सगळ्याच्या मागे छतातून येणारे ठोके होते, कुठे जड, कुठे हलके. फाइलशेजारी लावून बघितले तर वेळ ठोक्याला ठोका जुळली. तीच दुपार, तेच वाजवणं. मी नुसता मोठ्याने हसत सुटलो.

पायाचे ठोके सगळे मिळाले, हाताचे बरेचसे. वरच्या झांजांचा आवाज काही जमिनीतून उतरला नव्हता. त्या तितिरने डाव्या हाताने माझ्या टेबलावर वाजवून दाखवल्या. दुसऱ्या कडव्यात मात्र रेकॉर्डिंग एकदम गप्प झालं.

"इथे तुटलंय वाटतं," मी म्हणालो.

"तुटलेलं नाही," घोषालबाबू म्हणाले. "वाजवतेय ती. इथे अगदी बारीक होते. मला रोज वाटायचं, संपलं एकदाचं. डोळा लागतो न लागतो, तोच धाडकन्."

आवाज वाढवला. पंख्याच्या खाली, नखाने खरवडावं तसे ठोके चालले होते. माझ्या हाताने मी तिथे गदा बसवली होती.

"मेशोमशाय, तुम्हाला पाठ आहे हे?" तितिरने विचारलं.

"मला विचारून पाठ झालंय का?"

आणखी एक कोडं होतं. त्या धाडकन्‌च्या लगेच पुढे एक ठोका होता, जो फाइलमध्ये नव्हताच. मी दोनतीनदा तपासलं. घोषालबाबू छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "तो मी. काठीने छत ठोकलं."

"बरोबर समेवर आलाय," तितिर म्हणाली. "ठेवा ना, खोकनदा."

सगळे आकडे बसल्यावर मी गाणं सुरांसकट लावलं. इतके महिने घोषालबाबू खाली पडून नुसते ठोके सोसत होते. वर काय चाललंय ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या कडव्यात बाकीची सगळी वाद्यं थांबतात आणि गायिका देवीला हळूच विचारते, आलीस खरी, पण किती दिवस राहशील? खाली तितिरचे ठोके, ऐकू येतील न येतील असे. तितिर चांगल्या हाताने प्लास्टर धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घोषालबाबूंनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "असं होय. ती बोलत असते, म्हणून ही गप्प होते." आणि लगेच, जरा रागानेच, "मला कुणी सांगायचं नाही का?"

षष्ठीच्या संध्याकाळी मंडपात ढाक, म्हणजे पूजेचे मोठे ढोल, थांबले की आमचं गाणं लागत होतं. फलकावर लिहिलं होतं, ड्रम : तितिर सरखेल. त्याखाली, बारीक अक्षरात, काठी : शक्तिपद घोषाल. घोषालबाबू कडक इस्त्रीच्या धोतर-पंजाबी कुडत्यात बरोबर कर्ण्याखाली उभे होते. दुसरं कडवं आलं की जवळ असेल त्याचा दंड धरायचे, बोट वर करायचे, आणि ठोका पडला की म्हणायचे, "हा मी."

बिल्टू गर्दीतून वाट काढत तिथे आला. त्याचाही दंड धरला गेला. तो हसत म्हणाला, "एक ठोका तुमचा, मेशोमशाय. बाकीचे खोकनदाने कॉम्प्युटरवर बसवले असतील."

घोषालबाबूंनी पंजाबीच्या खिशातून फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला. "एकेक ठोका हिचा आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे पुरावा आहे."