डाव्या चाकामागचा दिवा

मी एक म्हातारा दिवा आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तुमची कुरकुर नको. मित्रांनो, माझा मुक्काम एका जीपच्या पोटाखाली, पुढच्या डाव्या चाकामागे आहे. तळहाताएवढा गोल, जाड काचेचा, पांढऱ्या उजेडाचा मी. ज्याला जग खालून दिसतं तो संशयी होतोच. वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून किती बरबटलेली असते, ते मला विचारा. माणसांचेही मला आधी जोडे दिसतात. चेहरा दिसतो तो कोणी वाकलं तर.

माझा जन्मच संशयात झाला. कारखान्यात मला जोडलं आणि लगेच पाण्याच्या टाकीत बुडवलं. एक बाई डोळे बारीक करून माझ्यातून बुडबुडा निघतो का ते पाहत बसली. जन्मल्या जन्मल्या कोणी असं बुडवतं का? पण तिचं खरं होतं. ज्याला पाण्याचिखलातून जायचंय त्याच्या आत थेंबही शिरून चालत नाही. बुडबुडा निघाला नाही. तिने मला पुसून खोक्यात ठेवलं आणि कौतुकाचा एक शब्दही काढला नाही.

खोक्यात आम्ही चौघे भाऊ होतो. जीपच्या चार चाकांमागे आमची नेमणूक झाली. जीप दवाखान्याची होती. डोंगरावरच्या वस्तीत कोणी आजारी पडलं की त्याला खाली आणायचं, हे तिचं काम. वस्तीची वाट म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र, त्यात पोत्याएवढे धोंडे. अंधारात गाडीचे पुढचे मोठे दिवे लांबचं दाखवतात, आणि त्याचा त्यांना कोण तोरा. पण चाकाखाली कोणता धोंडा आलाय ते त्यांना बापजन्मात दिसत नाही. ते आम्ही दाखवायचो.

गाडी वहिनी चालवायच्या. सगळा दवाखाना त्यांना वहिनीच म्हणायचा, कारण त्यांचे धाकटे दीर तसं म्हणायचे. या दिरांना वहिनी भाऊजी म्हणायच्या. भाऊजींचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं, शेजारीच गॅरेज. वस्तीवर जायचं असलं की भाऊजी बरोबर निघायचे. ओढा आला की खाली उतरायचे आणि गाडीकडे तोंड करून उलटे चालत हातांनी खुणा करायचे. डावीकडे घ्या, थोडं सरळ करा, थांबा. वहिनी वाटेकडे बघायच्याच नाहीत. त्या भाऊजींच्या हातांकडे बघून गाडी काढायच्या. चाक आणि भाऊजींचे पाय यांच्यात फार अंतर नसायचं, आणि तेवढ्या जागेत उजेड पाडायचा तो मी. मागच्या सीटवर सिस्टर बसायच्या. दवाखान्यातून निघताच त्यांना जी झोप लागायची ती वस्ती आल्यावरच मोडायची.

आमचे ते दिवस मानाचे होते. एकदा एका बाळंतिणीला सुखरूप खाली आणलं तेव्हा तिच्या नवऱ्याने वाकून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे खालचे दिवे नसते तर आज काही खरं नव्हतं." मी संशयी आहे, पण त्या दिवशी मला रडू आवरत नव्हतं. दिव्याला रडता येत नाही, एवढीच अडचण.

पुढे माझ्या दोन भावांच्या काचा धोंड्यांवर आपटून तडकल्या. त्यांच्यात पाणी शिरलं आणि ते गेले. नवे दिवे निवडायची वेळ आली. गॅरेजात जीपखाली पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होतो.

"होते तसेच पांढरे द्या," वहिनी म्हणाल्या.

"पांढऱ्याचा जमाना गेला, वहिनी. हे लाल बघा. गाडीखाली कसं निखारे पसरल्यासारखं वाटतं."

"मला शेकोटी करायची नाही, भाऊजी. रस्ता बघायचाय."

"अहो, लाल उजेड डोळ्यांना थंड असतो. पुढे मी चालतो की तुम्ही?"

पुढे चालणाऱ्याचा शब्द कसा मोडायचा? लाल दिव्यांवर शिक्कामोर्तब झालं.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. इतकी वर्षं पांढरे दिवे चालले, मग आताच लाल का? पडून राहिलेला माल खपवायचा असेल, असा मी हिशेब लावला. शिवाय बोलताना भाऊजी वहिनींकडे बघत नव्हते. त्यांचे जोडे सारखे इकडून तिकडे होत होते, आणि जोड्यांची भाषा मला चांगली कळते.

त्यांनी माझ्या भावांना काढलं. माझा बोल्ट गंजून बसला होता. भाऊजींनी पान्याला जोर लावला, घाम गाळला, शेवटी माझी वायर तोडली आणि म्हणाले, "राहू दे म्हाताऱ्याला." माझ्या शेजारीच नवा लाल दिवा बसला. मी विझून तिथेच राहिलो. मित्रांनो, टाकून दिलेल्याला निदान टाकल्याचं समाधान असतं. मला तेही मिळालं नाही.

काही दिवसांनी माझ्या काचेवर एक थेंब पडला. मग दुसरा. पाणी नव्हतं, तेल होतं. वर स्टिअरिंगच्या तेलाचा पाइप जातो, त्याचा जोड सैल झाला होता. हे तेल रंगाने लाल असतं. ते माझ्यावरून ओघळून खालच्या पत्र्यावर साचत होतं, म्हणून जमिनीवर डाग पडत नव्हता.

"भाऊजी, स्टिअरिंग वळवताना कण्हतंय," वहिनी म्हणाल्या. "जरा बघा."

भाऊजींना दिवसभर दुकान, त्यामुळे तपासणी दिवेलागणीला. त्यांनी लाल दिवे लावून खाली डोकावलं. लाल उजेडात पाइप लाल, पत्रा लाल, मीही लाल. त्यात लाल तेल दिसणार कसं?

"कोरडं ठणठणीत आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. माझ्या तोंडावर तेल ओघळतंय आणि याला दिसत नाही? त्यात भर म्हणजे हल्ली ओढ्यात ते हातात काठी घेऊन चालायचे. मागे पाऊल टाकण्याआधी ती धोंड्यावर टेकवून बघायचे. वर्षानुवर्षं पायाखालची वाट, आणि आता काठी कशाला? वहिनींनाही शंका आली असावी. त्यांनी एकदोनदा विचारलं. भाऊजींनी थट्टेवर नेलं, "म्हातारा झालो, वहिनी. सून बघा आता आमच्या पोरासाठी."

मग ती वेळ आली. वस्तीवर एका आजोबांना दम लागला होता आणि आम्ही वर निघालो होतो. ओढ्यात भाऊजी उतरले. लाल उजेडात उलटे चालत खुणा करू लागले. अर्ध्या वाटेवर पाइपातलं तेल संपत आलं आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. वहिनींनी सगळं बळ लावलं, तरी चाक वळेना. ते धोंड्यावरून घसरलं आणि थेट भाऊजींच्या पायांकडे निघालं.

भाऊजी हलले नाहीत. हात तसेच उंचावून "या, या" म्हणत उभे राहिले.

मी ओरडलो असतो असं म्हणणार होतो, पण दिव्याला ओरडता येत नाही, फक्त पेटता येतं, आणि माझी वायर तुटलेली होती. चाक त्यांच्या जोड्याला टेकलं आणि थांबलं. वहिनींचा ब्रेक लागला होता.

त्या खाली उतरल्या. हातात साधी बॅटरी होती, पांढऱ्या उजेडाची. त्यांनी ती गाडीखाली धरली आणि पत्र्यावरचं लालभडक डबकं बघितलं. मग उजेड वर नेला, तसा भाऊजींनी हात डोळ्यांवर घेतला.

"चाक अंगावर येत होतं. सरकला का नाहीत?"

"दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हणजे?"

भाऊजी धोंड्यावर बसले. "पांढरा उजेड डोळ्यांत गेला की बराच वेळ सगळं पांढरंच दिसतं, वहिनी. म्हणून लाल घेतले. पण लाल उजेडात मला नीट दिसतच नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला पुढे चालू दिलं नसतं."

"नसतंच दिलं. आणि आज तुमच्या अंगावरून गाडी गेली असती तर जाऊबाईंना मी काय तोंड दाखवलं असतं?"

आवाजाने सिस्टर जाग्या झाल्या होत्या. त्या खाली उतरल्या, भाऊजींच्या डोळ्यांत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या डोळे दाखवायचे. आता तेल घाला. पुढे मी चालते. खुणा काय करायच्या तेवढं सांगा."

भाऊजी चाचपडत गाडीखाली आले. जोड आवळला, डब्यातलं तेल ओतायला वहिनींना सांगितलं. जाता जाता त्यांचा हात माझ्यावर पडला. त्यांनी मला बाहीने पुसलं आणि माझी तुटलेली वायर पिळून जोडली. मी पेटलो. माझ्या उजेडात सिस्टरांची पावलं मागे मागे जात राहिली आणि आम्ही त्या आजोबांना घेऊन आलो.

नंतरची निवड वहिनींनी केली. गॅरेजचं शटर ओढून काळोख केला. एका पत्र्यावर तेलाचे थेंब टाकले आणि एकेक दिवा त्यावर धरला. ज्यात थेंब लपला तो बाद. मग भाऊजींना समोर उभं केलं. जो दिवा त्यांच्या डोळ्यांत टोचला तोही बाद. उरला पिवळसर पांढरा, मंद उजेडाचा. त्या नव्या दिव्यांचं तोंड बाहेर न ठेवता चाकाकडे वळवलं, वर पत्र्याची झापड लावली. तशीच झापड मलाही मिळाली.

मित्रांनो, दिवा निवडताना तो किती लखलखतो एवढंच विचारू नका. तो काय लपवतो आणि कोणाचे डोळे दिपवतो, तेही बघा. आणि ज्याच्या हातांकडे बघून तुम्ही चालता, त्याला दिसतंय ना, हे अधूनमधून विचारत जा. तो आपणहून सांगणार नाही.

भाऊजींच्या डोळ्यांवर औषधोपचार सुरू आहे. ते आता पुढे चालत नाहीत. गाडी परतली की मात्र गाडीखाली येऊन पडतात आणि आधी माझी काच पुसतात. माझा बोल्ट अजून गंजलेलाच आहे. तो कापून काढायचं हत्यार गॅरेजात भिंतीला टांगलंय, हे मला रोज दिसतं. ते हत्यार भाऊजी का वापरत नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला. या माणसाचा माझ्यावर जीव जडलाय, असा मला दाट संशय आहे.