खडीचा मसोबा

बाभळीचा काटा गेअरची सायकल बघत नाही. औरंगाबादच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक साहेबराव जाड टायरची, एकवीस गेअरची सायकल घेऊन ऐटीत अंबडला आले आणि गावात शिरता शिरता मागचं चाक फुस्स झालं. ढकलत ढकलत आले ते कोर्टाच्या भिंतीला लागून असलेल्या भिवाच्या टपरीवर. हे अठ्ठ्याण्णव सालचं.

भिवानं ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे बघितले. तसली सायकल त्यानं आधी फक्त फोटोत पाहिली होती, पण पंक्चर शेवटी पंक्चरच. साहेबराव सांगत होते, रविवारी सायकलवर जुनी ठिकाणं बघत फिरायचा त्यांना नाद आहे. आता पुढच्या खेपेला रोहिलागडची लेणी बघून आडवाटेनं परत अंबडला, असा फेरा मारायचाय.

"वाटेत आणखी काही जुनं आहे का हो?"

भिवाचा हात पाण्यातच थांबला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून हा माणूस किती वर्षं टपरीत बसला होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"हाय की," तो म्हणाला. "आमच्या भुईखेड्याच्या माळावर लिव्हलेला दगड हाय. चार वळी. आजपोतर कुणी वाचल्याल्या न्हाईत."

"शिलालेख?" साहेबरावांच्या तोंडाला पाणीच सुटलं. "येत्या रविवारी जाऊ. तुम्ही वाट दाखवा."

तो दगड म्हणजे वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला, पुरुषभर उंच. वर ढाल-काठीवाला गडी, त्याच्या पायाशी गाई आणि खाली चार ओळी. भिवाचा बाप पुंजाराम सांगायचा, "गावाची गुरं चोरांनी वळवली तवा ह्यो एकटा आडवा झाला अन् मेला. ह्यो आपला माणूस हाय, आपल्या वस्तीतला." गावात बाकी कुणी हे मान्य करत नव्हतं. वस्तीतल्या माणसाचं नाव दगडावर कोण कोरतंय? पण भिवाला वाटायचं, अक्षरं तर आहेत ना! एकदा कुणी वाचली की झालं. बाप खरा का गाव खरं, दगडच सांगेल.

शहाऐंशीच्या दुष्काळात माळावर रोजगार हमीची खडी फोडायचं काम निघालं. मुकादम होता गावचाच कडूबा. दिसेल तो धोंडा फोडत काम वीरगळापाशी आलं. भिवा अंबडहून सायकल मारत गेला, हातापाया पडला.

"मुकादम, त्याच्यावर अक्षरं हाईत."

"मंग काय वाचत बसू? बायांना काम देऊ का शाळा काढू?" कडूबा म्हणाला. "उद्या त्याचा नंबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया लिंबाखाली भाकरी खायला बसल्या तेव्हा भिवा मागच्या नाल्यातून वर चढला. अंबडच्या बाजारातून आणलेला शेंदूर त्यानं तेलात कालवला आणि दगडाच्या माथ्याला, त्या गड्याच्या तोंडाला फासला. खाली अक्षरांवर मात्र थेंब पडू दिला नाही. दोन लिंबं ठेवली आणि पळाला.

मग काय विचारता! भाकरी खाऊन आलेल्या झुंबरबाईनं किंकाळी फोडली आणि तिथंच तिच्या अंगात आलं. "मला फोडता काय रे!" म्हणून ती घुमायला लागली. ज्याच्या हातात घण होता त्या कडूबानं चपला काढल्या आणि तोच नारळ आणायला पळाला. भिवा झुडपाआडून हे बघून अंबडपर्यंत हात सोडून सायकल चालवत, हसत आला.

त्याची बायको चांगुणाबाई मात्र हसली नाही. "आपल्या बापजाद्यांनी दीक्षा घेतली ती देव सोडायला. अन् तुम्ही देव बनवून आलात?"

"मानला कुठं? वापरला," भिवा म्हणाला.

"हसा, हसा. एक दिवस ह्योच देव तुम्हाला भाईर उभा करंल."

बाईचं बोलणं भिवानं कानाआड केलं. पुढं माळावर देऊळ झालं, खडीचा मसोबा म्हणून जत्रा भरायला लागली, हे सगळं त्याच्या कानावर यायचं. पण वस्तीतल्या माणसानं आत जायचा प्रश्नच नव्हता. शेंदूर आपण लावला तिथंच, वरच असणार, असं तो धरून चालला. आता सांगा, शेंदूर कधी लावला तिथं राहतो का?

रविवारी दोघं निघाले. साहेबराव हेल्मेट घालून, कटकट गेअर बदलत. भिवा आपल्या काळ्या जड सायकलवर, चढाला पेडलवर उभा राहून. तरी पुढं भिवाच. रोहिलागडच्या लेण्यांत साहेबरावांनी टेप लावून खांब मोजले. भिवा बाहेर घाई करत उभा. मग नाल्यातले गोटे, काळ्या रानातल्या भेगा, कुठं कुठं सायकल खांद्यावर. एका बारवेच्या पायरीवर पाणी पिताना भिवानं खिशातून वहीचा जुना कागद काढला. चौऱ्याऐंशी साली बघून बघून काढलेल्या चार ओळी.

साहेबरावांनी कागद उलटसुलट केला. "ही तुम्ही चित्रं काढलीत, अक्षरं नाहीत. यावरून काही वाचता येत नाही. मूळ दगडच बघायला हवा."

"चला ना मंग!"

माळावर देऊळ होतं पक्कं, फरशीचं, लोखंडी दाराचं. दारात गळ्यात माळ घालून पुजारी बसलेला. कडूबा! घण गेला, घंटी आली.

"या सर, या," तो साहेबरावांना म्हणाला आणि भिवाकडं न बघता बोलला, "भिव्या, तू तिथूनच."

साहेबराव आत गेले आणि बाहेर आले ते लाल बोट घेऊनच. "कुठंय लेख? पायापर्यंत चार बोटं जाड शेंदूर आहे."

साहेबरावांनी कडूबाला विचारलं, जरासा शेंदूर काढला तर चालेल का?

"देवाचं कातडं सोलता काय सर?"

"मग राहू द्या," म्हणत साहेबराव सायकलकडं वळले. बारा वर्षं थांबलेला माणूस आणि त्याच्या देखत ते चालले! त्या घटकेला भिवाला एकच वाट दिसली. खरं सांगायचं. देव बाटला म्हणतील, शेंदूर धुऊन काढतील. धुतला की अक्षरं उघडी. दोन शिव्या, चार तडाखे खाऊ.

"मुकादम," तो मोठ्यानं म्हणाला, "त्यो शेंदूर मी लावल्याला हाय. शहाऐंशी साली, भाकरीच्या टायमाला. ह्या हातानं."

ओट्यावर बसलेली म्हातारी झुंबरबाई उठून उभी राहिली. "मंग माझ्या अंगात आल्तं ते काय खोटं?"

तिच्या आवाजानं माणसं जमली. पहिली थप्पड कुणी मारली ते भिवाला कळलंच नाही. ओठ फाटला, कुणीतरी सायकलच्या चाकावर उभं राहून ते वाकवलं. कडूबानं साहेबरावांना विचारलं, "सर, तुम्ही शिकल्याले. सांगा, देव बाटला का न्हाई?"

साहेबरावांनी रुमालानं बोट पुसलं. "हा तुमच्या गावचा मामला आहे," ते म्हणाले. हेल्मेट घातलं, कट् करून गेअर टाकला आणि उतार लागला तसे दिसेनासे झाले. भित्रा माणूस! शिलालेख वाचायला आला होता म्हणे.

गावानं शेंदूर खरवडला. खपल्याच्या खपल्या पडल्या आणि दोघांनी दंड धरून ठेवलेल्या भिवाला दारातून चारही ओळी दिसल्या. तेल-शेंदराखाली काल कोरल्यासारख्या राहिलेल्या, चौऱ्याऐंशीपेक्षा लख्ख. एक वेलांटी मोडली नव्हती.

"आता पाण्यानं धुवा," तो ओरडला. "झालं, धुवा!"

"धुऊन भागायचं न्हाई," कडूबा म्हणाला. "याचा हात लागल्याला पापुद्राच नको." आणि त्यानं टाकी-हातोडा मागवला.

"मुकादम, पाया पडतो! तिथं म्या हात लावला न्हाई! खाली न्हाई लावला!"

खडी फोडलेला हात, कसब विसरला नव्हता. सांज व्हायच्या आत दगड खालपासून वरपर्यंत सपाट झाला. मग दूध ओतलं, गोमूत्र शिंपडलं आणि नवा शेंदूर लावला. कपच्या कुणीतरी घमेल्यात भरून रस्त्यावरच्या खड्ड्यात टाकल्या.

वाकडी सायकल ढकलत भिवा तिथवर आला आणि खड्ड्यात हात घालून बसला. कपच्या कसल्या, भुगाच. एक तेवढी तळहाताएवढी सापडली.

घरी चांगुणाबाईनं ओठाला हळद लावली. "म्या म्हणलं होतं" हे शब्द तिनं काढले नाहीत. भिवानं रॉकेलच्या बोळ्यानं कपची पुसली. एक उभी रेघ, तिला जोडून अर्धं वळण. पुढं दगड तुटलेला.

"काय लिव्हलंय?" तिनं विचारलं.

"नाव असंल."

"कुणाचं?"

भिवानं कपची पंक्चरच्या डब्यात टाकली. "आता कुणाचंबी न्हाई," तो म्हणाला.