दीपगृहं आवडणारा जावई

निघायच्या आदल्या दिवशी जावयाच्या बायकोला ताप आला आणि समुद्रकाठच्या सहलीला सासरे आणि जावई असे दोघेच निघाले. खोल्या ठरल्या होत्या, बॅगा भरून झाल्या होत्या. "तुम्ही जा, मी झोपते," असं ती म्हणाली आणि खरोखरच झोपली.

सासरे विमानतळावरून निवृत्त झाले होते. उतरलेल्या विमानासमोर उभं राहून, दोन हातांनी 'ये, ये, आणखी ये, बस' अशा खुणा करून ते जागेवर लावायचं, हे त्यांचं काम. अजूनही रस्त्यात कुणी गाडी लावताना दिसला की त्यांचे हात आपोआप वर जात.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. त्याला दीपगृहं आवडतात, अशी सासरी पक्की समजूत होती. लग्नाआधी तो पहिल्यांदा त्या घरी गेला, तेव्हा बोलायला काही सुचेना, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाला होता, "वा, दीपगृह! मला फार आवडतात." तेव्हापासून प्रत्येक वाढदिवसाला त्याला दीपगृहच मिळे. टेबलावरचा दिवा, चहाचा मग, किल्ल्या अडकवायची पाटी. एकदा तर टॉवेल.

सासऱ्यांनी आखणी न्यायाने केली होती. एक जागा विमानांची, मग एक दीपगृह.

पहिल्या जागी माळावर नुसता एक दगड होता. या किनाऱ्यावरचं पहिलं टपालाचं विमान इथे उतरलं, असं त्यावर कोरलेलं.

"उतरलं म्हणजे पडलं," सासऱ्यांनी खुलासा केला. "टपाल वाचलं."

दुसऱ्या जागी विमानं ठेवायचं जुनं हँगर होतं, पण आत आता सोफ्यांचं दुकान होतं. सासरे मान वर करून छताच्या लोखंडी कैच्या बघत राहिले. विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक विचारात पडलंय. त्याने दोघांना तीन वेगवेगळ्या सोफ्यांवर बसवून पाहिलं. भिडेखातर दोघं बसलेही.

मधल्या दीपगृहांत सासरे गुडघ्यांवर हात ठेवून जिना चढत आणि वर पोचल्यावर विचारत, "काय जावईबापू, समाधान?" जावई म्हणे, "वा."

तिसऱ्या दीपगृहावर ते सज्जात उभे असताना खाली रखवालदाराने दाराला कुलूप घातलं आणि सायकलवर टांग मारून तो जेवायला निघून गेला. दोघांनी हाका मारल्या. वाऱ्याने त्या उलट्या त्यांच्याच कानात घातल्या. फोन गाडीत चार्जिंगला लावलेले. खाली वाळूत एक कुटुंब खेळत होतं. यांनी हात हलवले. त्यांनीही आनंदाने हात हलवले आणि ते निघून गेले.

"असू दे," सासरे खाली बसत म्हणाले. "तुम्हाला पोटभर बघायला मिळेल. आणि उद्याचं तर याच्या दुप्पट उंच आहे. मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलंय."

जावयाने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्याच्याने राहवलं नाही.

"पप्पा, मला दीपगृहं आवडत नाहीत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. त्या दिवशी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो."

सासऱ्यांनी दोन्ही गुडघे चोळले.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "मग त्या कॅलेंडरवर शेजारी मांजर होतं, ते का नाही आवडलं तुला? निदान घरी बसून बघितलं असतं!"

जावयाला हसू आलं. सासऱ्यांना आलं नाही. ते कठड्याला धरून उठले आणि म्हणाले, "शर्ट काढ."

"कशाला?"

"मीही काढतोय."

दोन हातांत दोन शर्ट घेऊन, बनियनवर उभं राहून, सासऱ्यांनी खालून चाललेल्या एका टेम्पोला खुणा केल्या. टेम्पो थांबला. मग मागे आला, थोडा डावीकडे वळला आणि दीपगृहाच्या दाराशी येऊन अगदी सरळ उभा राहिला.

"काका, आणखी मागे घेऊ का?" ड्रायव्हर ओरडला.

"नको! रखवालदाराला बोलवा!"

रखवालदार हात न धुताच आला. "सकाळपासून कुणी वर गेलं नव्हतं," तो म्हणाला. "कुणी जातच नाही हो."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर जावयाने विचारलं, "डावीकडे काय आहे?"

"जुनी धावपट्टी. बघण्यासारखं काही नाही, नुसतं गवत."

"आणि उजवीकडे?"

"तुझं दीपगृह."

जावयाने गाडी डावीकडे घेतली. गवत खरंच होतं. सासऱ्यांनी त्यात उभं राहून विमानं कुठून येत, कुठे वळत, कुठे थांबत, ते सगळं हातांनी दाखवलं. सासरे सांगतील तिथे जावई चालत गेला, वळला आणि थांबला. नंतर सासरे एका झुडपाशी आडवे झाले.

दुपारी बायकोचा फोन आला. तिचा ताप उतरला होता.

"काय बघताय?"

"गवत."

"आणि पप्पा?"

"झोपलेत."

"मग तू काय करतोयस?"

"ऊन आलंय त्यांच्या तोंडावर," जावई हळू आवाजात म्हणाला. "छत्री धरून बसलोय."