वाळूखालची नदी आणि टाक्यांचा वाडगा

मी एक जुना वाडगा आहे, भोपळ्याचा. मित्रांनो, माझ्या पोटावरच्या टाक्यांना हसू नका.

मातीच्या एका गोल घराच्या गवती छपरावर मी वाढलो. वेल लामिसीआजीने लावला होता. वरून सगळं गाव दिसे. उगवतीला तांबड्या दगडांची टेकडी, मावळतीला नदीचं वळण, मध्ये बाजरीची शेतं, आणि जिथे कुणी कुऱ्हाड नेत नाही ती पूर्वजांची राई. पिकल्यावर आजीने मला चिरलं, खरवडलं, उन्हात वाळवलं. मग पुष्कळ वर्षं मी नदीचं पाणी भरलं, पेज वाढली. तडा गेला तेव्हा आजीने मला शिवून घेतलं.

सून आतिपोका आली ती निळी बादली घेऊनच.

"आई, हे ठिगळ अजून ठेवलंय?"

"मलाही ठिगळंच आहेत गं. मला कुठे टाकतेस?"

दोघी हसल्या. मी मात्र खुंटीवर गेलो. कोळ्याने माझ्यात जाळं विणलं.

त्या वर्षी उत्तरेचा धुळीचा वारा थांबेचना. नदी वाळूखाली गेली, रांजण कोरडा पडला. त्यातच आतिपोकाची तान्ही लेक तालाता तापाने फणफणली. सकाळपासून तिचा लंगोट कोरडाच, हे आतिपोका पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती. लेकीला पाठीशी बांधून ती नदीत धावली. वाळूत झिरा खणला, पाणी पाझरलं. तिने घाईने बादली खुपसली आणि कड ढासळली. पुन्हा खणलं, पुन्हा तेच.

"आई, पाणी दिसतंय, पण हाती येत नाही!"

मागून लामिसीआजी मला घेऊन आली होती. "वाळूशी भांडू नकोस, पोरी. नुसता टेकव. पाणी आपण होऊन येईल."

आतिपोकाने मला हळूच पाण्याला टेकवलं. मी हलका, गोल; झिऱ्याची कड शाबूत राहिली. घोटाघोटाने पाणी माझ्यात आलं. हिंदकळू नये म्हणून आजीने वर एक पान ठेवलं.

घरी ते उकळून, निववून तालाताला थेंबथेंब पाजलं. ऊन कललं तशी ती आईच्या मांडीवर भरपूर मुतली. आतिपोका रडता रडता हसू लागली.

"बघ, नदी परत आली!" आजी म्हणाली.

आता माझी जागा रांजणावर आहे. त्या टाके घालणाऱ्या हातांचा, त्या लपून वाहणाऱ्या नदीचा मी ऋणी आहे. मित्रांनो, तडकलं म्हणून भांडं फेकू नका, आणि दिसेनाशी झाली म्हणून नदीला मेली म्हणू नका.